जपानी नटांचा मान आणि त्यांचा चरितार्थ

कोणत्याही कलेचा इतिहास लिहितांना तिचे थोर आचार्य, त्यांचे ग्रंथ आणि त्यांच्या शैली यांचें वर्णन विस्तारानें येतें. परंतु त्या आचार्यांच्या घरीं चूल कशावर पेटत होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. 'राजाश्रय होता' किंवा 'लोकाश्रय मिळाला' एवढें म्हटलें कीं लेखकाचें समाधान होतें. वस्तुतः कलावंतास अन्न कोण देतो, कोणत्या अटीवर देतो, आणि देणारा हात आखडला म्हणजे काय होतें, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत कलेचा अर्धाअधिक इतिहास सांठविलेला असतो. हें ज्यांस पडताळून पाहावयाचें असेल त्यांनीं जपानच्या जुन्या रंगभूमीकडे दृष्टि वळवावी. तेथें नो, काबुकी आणि बुन्राकु हे तीन नाट्यप्रकार शतकानुशतकें चालत आले असून आजही ते व्यवसाय म्हणून जिवंत आहेत. मुखवटे घालून गंभीर गायन-नृत्यानें होणारें तें नो. क्योगेन हे विनोदी प्रवेश त्याच्याच जोडीला असतात. भडक रंगभूषेचें, शहरी व्यापारी वर्गाचें आवडतें नाट्य तें काबुकी. आणि मोठ्या बाहुल्यांचें, गायक-निवेदकाच्या वाणीवर चालणारें तें बुन्राकु. या तिहींचा जमाखर्च मांडून पाहिला असतां आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हां आढळते : नटाला मान आणि अन्न हीं दोन्ही एकाच हातून फार क्वचित् मिळालीं आहेत.

प्रथम नो नाट्याकडे वळूं. चौदाव्या शतकांत या कलेस सारुगाकु म्हणत. यामातो प्रांतांतील चार मंडळ्या नारा येथील कोफुकुजी मंदिर व कासुगा देवस्थान यांच्याशीं जोडलेल्या होत्या. देवाच्या उत्सवांत खेळ करण्याचें त्यांच्यावर बंधन होतें. इतर वेळीं गांवोगांव फिरून, व देवळांच्या जीर्णोद्धारासाठीं वर्गणीचे खेळ करून, या मंडळ्या पोट भरीत. यांपैकींच एका मंडळीचा नायक कानआमी (१३३३–१३८४) आणि त्याचा मुलगा झेआमी. १३७४ च्या सुमारास क्योटो येथील इमाकुमानो देवस्थानांत त्यांचा खेळ शोगुन आशिकागा योशिमित्सु यानें पाहिला. शोगुन त्या वेळीं सतरा वर्षांच्या आंतबाहेर होता आणि झेआमी अकरा-बारा वर्षांचा. त्या दिवसापासून या बापलेकांवर सत्तेची कृपादृष्टि वळली.

ही कृपा सर्वांस रुचली नाहीं. १३७८ सालीं गिओन उत्सवाच्या वेळीं शोगुननें या मुलास आपल्या शेजारीं बसविलेलें पाहून एका दरबारी सरदारानें आपल्या रोजनिशींत संताप व्यक्त केला आहे. सारुगाकु हा भिकाऱ्यांचा धंदा, त्याला हा मान कशासाठीं, असा त्याचा आशय. वाचकांनीं या नोंदीकडे लक्ष द्यावें. सत्ताधीशाची मर्जी लाभली म्हणून जन्माची प्रतिष्ठा लाभत नाहीं, हें झेआमीस आयुष्यभर ठाऊक होतें. म्हणूनच त्यानें आपल्या वंशासाठीं लिहिलेल्या 'फूशिकादेन' या ग्रंथांत सौंदर्यचर्चेच्या बरोबरीनें चरितार्थाची चर्चाही आहे. राजधानींत मान मिळविणाऱ्या नटानें खेड्यापाड्यांतील आणि डोंगरी वस्त्यांतील प्रेक्षकांचें मनही जिंकावें. कारण राजधानींत दिवस फिरले तरी खेड्यांत ज्याला चाहणारे लोक आहेत त्याची कला नाहींशी होत नाहीं, हा त्याचा उपदेश आहे. त्याच ग्रंथांत कलेचें मर्म गुप्त ठेवावें असेंही तो सांगतो. आजचा रसिक या गुप्ततेंत गूढवाद पाहतो. परंतु ज्याच्याजवळ जमीन नाहीं, वतन नाहीं, त्याचें मर्म हीच त्याची जिंदगी होय, हा व्यवहारही तिच्यांत आहे. घरांतील पेटी सर्वांनीं उघडली तर मुलांनीं खावें काय ?

झेआमीचें भय खरें ठरले. पुढें शोगुन झालेल्या योशिनोरि याची मर्जी झेआमीच्या पुतण्यावर बसली, आणि १४३४ सालीं सत्तरी उलटलेल्या या वृद्धास सादो बेटावर हद्दपार व्हावें लागलें. ज्या हातानें त्याला वर उचललें, त्याच सत्तेच्या दुसऱ्या हातानें त्याला खालीं टाकलें.

यापुढील दीडशें वर्षें यादवीचीं होतीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमि हिदेयोशि या सत्ताधीशानें यामातोच्या चारही मंडळ्यांस नेमणुका बांधून दिल्या. आणि १६०३ नंतर तोकुगावा शोगुनांनीं तीच व्यवस्था पक्की केली. कान्झे, होशो, कोम्पारु व कोंगो हीं चार घराणीं, आणि मागाहून मान्यता पावलेलें किता हें पांचवें, यांस तांदुळाच्या मापानें वेतन मिळूं लागलें. नो हें आतां शोगुनच्या दरबाराचें विधिनाट्य झालें. मोठमोठ्या सरदारांनींही आपापल्या पदरीं नट ठेवले. नटाच्या घरीं दर वर्षीं तांदूळ येणार हें निश्चित झालें. पण त्याबरोबर कलेवर पहाराही बसला. परंपरेंत फेरफार करणें हा अपराध ठरूं लागला. नवीं नाटकें रंगभूमीवर येणें जवळजवळ थांबलें, प्रयोगाची गति मंदावली, गांभीर्य वाढलें. सामान्य नगरवासीयांस हें नाट्य पाहण्याचे प्रसंग थोडेच येत. एखाद्या शुभ प्रसंगीं एदो शहरांतील नागरिकांस किल्ल्यांत बोलावून खेळ दाखवीत, आणि त्या वेळीं त्यांस छत्र्या व मद्य देत. क्वचित् एखाद्या घराण्याच्या मुख्यास सार्वजनिक वर्गणीचा मोठा खेळ लावण्याची परवानगी मिळे. होशो घराण्याच्या मुख्यानें १८४८ सालीं एदो येथें केलेला पंधरा दिवसांचा खेळ या जातीचा शेवटचा होय.

अडीचशें वर्षें ज्या कोठारावर हीं घराणीं जगलीं तें १८६८ सालीं एकाएकीं बंद झालें. शोगुनशाही कोसळली, सरदारांचीं संस्थानें पुढें तीन वर्षांत खालसा झालीं, आणि नटांच्या नेमणुका संपल्या. कान्झे घराण्याचा मुख्य पदच्युत शोगुनच्या कुळामागून शिझुओका येथें गेला. होशो घराण्याचा मुख्य होशो कुरो यानें रंगभूमीचा निरोप घेतला. कित्येकांनीं मुखवटे व जरीचे पोशाख विकले. क्योगेनच्या तीन घराण्यांपैकीं सागि घराणें व्यावसायिक म्हणून या लाटेंत नष्टच झालें. त्याच्या खुणा आतां कांहीं गांवच्या हौशी मंडळींत तेवढ्या शिल्लक आहेत. एवढा मोठा मान असलेली कला एका राज्यक्रांतीनें उपाशी पडली, याचें कारण उघड आहे. तिला अन्न देणारा एकच होता, आणि तो गेला.

या आपत्तींतून नो वांचलें तें कसें, हा या इतिहासांतील सर्वांत उद्बोधक भाग होय. उमेवाका मिनोरु (१८२८–१९०९) नांवाचा एक नट टोकियो सोडून गेला नाहीं. दुसऱ्यांनीं विकलेले पोशाख व मुखवटे तो जमवीत राहिला आणि असाकुसा भागांतील आपल्या घरच्या रंगमंचावर त्यानें खेळ चालूं ठेवले. होशो कुरोही पुढें परतला. १८७९ सालीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट जपानांत आले असतां इवाकुरा तोमोमि या मुत्सद्द्यानें आपल्या घरीं त्यांस नो दाखविलें. यूरोपांतील दरबारी नाट्यगृहें इवाकुरानें स्वतः पाहिलीं होतीं. परदेशी पाहुण्यांपुढें मांडावयास जपानचेंही कांहीं भारदस्त नाट्य असावें, असें त्याला वाटे. त्याच्या पुढाकारानें १८८१ सालीं टोकियोच्या शिबा उद्यानांत नो नाट्यगृह उभें राहिलें. मान परत मिळाला तो असा. परंतु आमच्या मतें पोट भरलें तें या सरदारांच्या कृपेनें नव्हे. तें भरलें शिकणाऱ्यांनीं. उमेवाकाकडे गायन शिकावयास नवे अधिकारी येत, व्यापारी येत, एडवर्ड मॉर्स आणि अर्नेस्ट फेनोलोसा यांच्यासारखे अमेरिकन विद्वानही येत. शिष्य दक्षिणा देत, गुरु शिकवीत, आणि त्या दक्षिणेवर प्रयोग होत.

पाहतां पाहतां हीच रीति सगळ्या व्यवसायाचा कणा बनली. नोचें गायन, ज्यास उताइ म्हणतात, तें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुशिक्षित जपानी गृहस्थाचें एक भूषण होऊन बसलें. बँकेंतील अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, लग्नाच्या वयाच्या मुली हीं सर्व मंडळी आठवड्या-पंधरवड्यानें गुरूपुढें गुडघे मोडून बसूं लागलीं. कानाझावा शहरांत होशो पद्धतीचें गायन इतकें रुजलेलें, कीं तेथें उताइ आकाशांतून पडतें अशी म्हणच झाली. कारण झाडावर चढून फांद्या छाटणारा माळी देखील काम करतां करतां तें गाई.

आजही नो नटाच्या चरितार्थाची घडी मुख्यतः अशीच आहे. रंगमंचावरील भूमिकेबद्दल मिळणाऱ्या मानधनावर घर चालविणारे नट थोडे. बहुतेकांचें उत्पन्न शिकवणीचें. शिष्य दरमहा शुल्क देतो. वर्षांतून एकदां-दोनदां शिष्यांचा जलसा होतो, आणि त्यांत बासरी व ढोल वाजविणाऱ्या व्यावसायिकांच्या साथीनें गाण्या-नाचण्यासाठीं शिष्य वेगळा खर्च करतो. साथीदारांचा मोठा आधार म्हणजे हे जलसेच. शिष्य पुढें गेला कीं अमुक नाटक शिकण्याचा परवाना घेतो; त्याचें शुल्क घराण्याच्या मुख्याकडे, ज्यास इएमोतो म्हणतात त्याच्याकडे, जातें. गायनाचीं पुस्तकेंही ज्या त्या घराण्याचींच घ्यावीं लागतात. अशा रीतीनें झेआमीच्या काळीं पेटींत कुलूपबंद असलेलें मर्म आतां पायरीपायरीनें, मोल घेऊन, उघडें होतें.

या परवान्यांत किती मोल होतें हें एका भांडणावरून कळतें. कान्झे घराण्याची शाखा असलेल्या उमेवाका कुळास आपल्या शिष्यांना स्वतः परवाने देण्याचा हक्क हवा होता. मुख्य घराण्यास तो मान्य नव्हता. १९२१ सालीं हें प्रकरण फुटीपर्यंत गेलें, उमेवाकांनीं आपलें स्वतंत्र घराणें पुकारलें, आणि १९५४ सालीं तें पुन्हां कान्झेंत विलीन होईपर्यंत तेहेतीस वर्षें लोटलीं. वरवर पाहतां हा वाद शैलीचा किंवा परंपरेचा वाटतो. मुळांत प्रश्न होता तो शिष्याची दक्षिणा कोणाच्या घरीं जावी हा.

येथें एक विलक्षण गोष्ट सांगणें अवश्य आहे. अन्यत्र नट खेळ करतो आणि पैसे मिळवितो. नो नाट्यांत तरुण नट मोठी भूमिका करावयाची म्हणजे पुष्कळदां स्वतःच पैसे घालतो. 'दोजोजी' या नाटकांत प्रचंड घंटेखालीं उडी घेणारी नायिका प्रथमच साकार करणें ही नटाच्या जीवनांतील एक दीक्षाच मानतात. तो प्रयोग लावावयाचा तर नाट्यगृहाचें भाडें, वृंदगायक, वादक, साहाय्यक यांचें मानधन, हा सारा भार त्यानें उचलावयाचा. आणि तिकिटें खपवावयाचीं तीं बहुशः आपल्या व आपल्या गुरूच्या शिष्यांत. म्हणजे प्रेक्षागृहांत बसलेल्या माणसांपैकीं पुष्कळांनीं तें गायन स्वतः घोकलेलें असतें. ज्यानें अन्न दिलें तोच समोर बसून पारख करीत आहे, अशी ही स्थिति. जाणत्या प्रेक्षकाचा हा लाभ फार मोठा आहे. पण ज्यानें उताइ कधीं शिकलें नाहीं त्याला त्या प्रेक्षागृहांत परकें वाटतें, हा त्याचा तोटा.

आतां काबुकीकडे येऊं; कारण तेथें सगळें चित्र उलटें दिसतें. १६०३ च्या सुमारास ओकुनि नांवाच्या स्त्रीनें क्योटो येथें केलेल्या नृत्यांपासून या नाट्याचा उगम मानतात. कामो नदीच्या वाळवंटावर हे खेळ होत, म्हणून नटांस 'नदीकांठचे लोक' हें हिणकस नांव चिकटलें. १६२९ सालीं स्त्रियांस व १६५२ सालीं कोवळ्या तरुणांस रंगभूमीवर बंदी झाली. तेव्हांपासून प्रौढ पुरुषच स्त्रीभूमिका करूं लागले. सरकारच्या दृष्टीनें हे नट समाजाच्या तळाशीं होते. त्यांनीं नेमल्या वस्तींत राहावें, विशिष्ट वस्त्रें वापरूं नयेत, १८४२ नंतर तर रस्त्यानें जातांना विणलेल्या टोपींत तोंड झांकून जावें, असे निर्बंध निघाले.

आणि याच नटांची कमाई मात्र डोळे दिपविणारी होती ! एदोंतील नट वर्षाच्या कराराने नाट्यगृहाशीं बांधला जाई, आणि अग्रगण्य नटास 'हजार र्‍योचा नट' म्हणत. र्‍यो हें त्या काळचें सोन्याचें नाणें. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या नांवावर केसांचें तेल व तोंडाची भुकटी विकणारीं दुकानें चालत. त्यांच्या छापील चित्रांवर चित्रकार आणि प्रकाशक जगत. पण हा पैसा येई कोठून ? तो येई नाट्यगृहाच्या चालकानें काढलेल्या कर्जांतून. आग, दुष्काळ, सरकारी बंदी यांपैकीं एखादें संकट आलें कीं चालक बुडे. १७९३–९४ च्या सुमारास एदोंतील तिन्ही मान्यताप्राप्त नाट्यगृहें दिवाळखोरींत निघून त्यांच्या जागीं तीन पर्यायी नाट्यगृहें चालत होतीं. शाराकु या चित्रकाराचीं जगप्रसिद्ध नटचित्रें १७९४–९५ सालचीं, म्हणजे याच मोडकळीच्या काळांतलीं आहेत. त्या चेहऱ्यांमागें उभी असलेली देणेकऱ्यांची रांग रसिकांस सहसा दिसत नाहीं. १७९४ सालीं नटांच्या वार्षिक वेतनास पांचशें र्‍योची मर्यादा घातली गेली, ती यामुळेंच.

नटानें श्रीमंत दिसणें हाही अपराध होऊं शके. सातवा इचिकावा दान्जूरो हा एदोचा लाडका नट. त्यास १८४२ सालीं ऐषआरामाच्या आरोपावरून शहराबाहेर घालविण्यांत आलें, आणि माफी मिळून परत येण्यास १८५० साल उजाडलें. ज्या जनतेनें त्याच्यावर सोनें उधळलें ती त्याला मान देऊं शकली नाहीं. मान मिळाला तो पुढच्या पिढीस. २६ एप्रिल १८८७ रोजीं परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु यांच्या निवासस्थानीं मेइजी सम्राटानें काबुकीचा प्रयोग पाहिला आणि त्यांत नववा दान्जूरो उभा राहिला, तेव्हां अडीचशें वर्षांचा कलंक धुतला गेला असें त्या काळच्या नटांस वाटलें.

परंतु वर आम्हीं जें उत्पन्न सांगितलें तें शिखरावरच्या मूठभरांचें. खालीं शेंकडों नट एका सामायिक खोलींत रंग फासून शिपाई, वाटसरू किंवा घोड्याचे मागचे पाय होत, आणि 'घोड्याचे पाय' हा जपानी भाषेंत सुमार नटाचा वाचक शब्दच झाला. विसाव्या शतकांत धंद्याची सूत्रें मालक-नटांच्या हातून शोचिकु या कंपनीकडे गेलीं. ओतानि व शिराइ या जुळ्या भावांनीं १८९५ मध्यें सुरू केलेला हा व्यवसाय पुढें बहुतेक सर्व काबुकी नटांचा अन्नदाता झाला. कंपनीमुळें दिवाळखोरीची टांगती तलवार गेली. पण भूमिका कोणास मिळावी हें कुळावरूनच ठरत राहिलें. या विषमतेस कंटाळून १९३१ सालीं कांहीं तरुण नटांनीं कंपनी सोडली व 'झेन्शिन्झा' ही मंडळी स्थापिली. १९३७ पासून तिचे सभासद टोकियोच्या किचिजोजी भागांत एकत्र राहूं लागले. महायुद्धानंतर चित्रपटानें दुसरी वाट उघडली. १९५४ सालीं नाकामुरा किन्नोसुके आणि आठवा इचिकावा राइझो हे दोन तरुण नट चित्रपटांत गेले आणि पाहतां पाहतां घरोघरीं माहीत झाले. थोर कुळाबाहेरच्या माणसास काबुकींत वर येण्याचा राजमार्ग म्हणजे दत्तकविधान. आजचा सर्वश्रेष्ठ स्त्रीभूमिका-नट बान्दो तामासाबुरो हा नटाच्या घरीं जन्मलेला नसून दत्तक घेतलेला आहे.

तिसरा प्रकार बुन्राकु. १६८४ सालीं ताकेमोतो गिदायु यानें ओसाका येथें आपलें बाहुली-नाट्यगृह उघडलें, तेव्हांपासून त्याचा विकास झाला. एक बाहुली तीन माणसें हालवितात. शिकाऊ माणसानें आठ-दहा वर्षें केवळ पाय हालवावे, पुढें तितकींच किंवा अधिक वर्षें डावा हात, आणि मग कोठें डोकें व उजवा हात त्याच्या वांट्यास यावयाचे. काळ्या वस्त्रांत तोंड झांकून गेलेलीं हीं वर्षें निर्वाहाच्या दृष्टीनें किती कठीण जात असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. १९०९ सालीं हें नाट्यही शोचिकु कंपनीकडे आलें. महायुद्धानंतर तुटपुंज्या वेतनाच्या प्रश्नावरून कलावंतांनीं संघ स्थापिला आणि मंडळी दुभंगली. संघाचा पक्ष व कंपनीचा पक्ष असे दोन तांडे कित्येक वर्षें वेगवेगळे खेळ करीत फिरले. ज्या कलेंत तीन माणसांनीं मिळून एका श्वासानें एक बाहुली जिवंत करावयाची, तिचे कलावंत असे विभागले जावे, याहून दुर्दैव तें काय ! अखेर तोटा सोसवेना म्हणून कंपनीनें अंग काढून घेतलें, आणि १९६३ सालीं सरकार, ओसाका प्रांत व शहर यांच्या साहाय्यानें बुन्राकु संस्था स्थापन होऊन दोन्ही तांडे एकत्र आले. म्हणजे सार्वजनिक अनुदान हें येथें केवळ भूषण नसून जगण्याचा श्वास आहे. म्हणूनच २०१२ सालीं ओसाकाच्या तत्कालीन महापौरांनीं या अनुदानास कात्री लावण्याचा पवित्रा घेतला तेव्हां देशभर वाद माजला. कर भरणाऱ्याचा पैसा, प्रेक्षक येवोत वा न येवोत, एका कलेस कां द्यावा, हा त्यांचा प्रश्न कटु असला तरी अप्रस्तुत नव्हता.

सरकार हा सर्वांत नवा अन्नदाता. १९५० च्या सांस्कृतिक ठेव्याच्या कायद्यानें, आणि १९५५ पासून देण्यांत येणाऱ्या ज्या पदवीस लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात तिच्यायोगें, नटांस मान मिळाला. पदवीधारकास शिष्य तयार करण्यासाठीं वर्षास वीस लक्ष येन मिळतात. पण ही पदवी येते ती बहुधा उतारवयांत, जेव्हां चरितार्थाची चिंता संपलेली असते तेव्हां. याहून अधिक उपयोग आमच्या मतें राष्ट्रीय नाट्यगृहाच्या शाळांचा झाला. नाट्यगृह १९६६ सालीं उघडलें. १९७० पासून काबुकीचें व १९७२ पासून बुन्राकुचें शिक्षण तेथें, कुळ न पाहतां, विनाशुल्क मिळूं लागलें. आज बुन्राकुच्या कलावंतांत निम्म्याहून अधिक या शाळेंतून आलेले आहेत. जी कला जन्मानें मिळत होती ती इच्छेनें मिळूं लागली, हा पालट लहान नव्हे. पण २०२३ सालीं बुन्राकुच्या नव्या वर्गासाठीं एकही अर्ज आला नाहीं. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर टोकियोचें राष्ट्रीय नाट्यगृह नव्या बांधणीसाठीं बंद झालें.

२०२० च्या महामारीनें या सर्व अन्नदात्यांची एकदमच परीक्षा घेतली. टोकियोचें काबुकीझा नाट्यगृह मार्चपासून जुलैअखेरपर्यंत बंद राहिलें. नो नटांस तर दुहेरी फटका बसला. प्रयोग थांबले आणि वृद्ध शिष्यांस बंद खोलींत बसून मोठ्यानें गाणें जोखमीचें झाल्यामुळें शिकवणीही थांबल्या. पुष्कळांनीं दूरदर्शक यंत्रणेच्या साहाय्यानें शिकविण्याचा यत्न केला. संकट ओसरलें, नाट्यगृहें पुन्हां भरलीं. परंतु त्यानें आधींपासून चाललेली एक झीज उघडी केली. उताइ शिकणारे म्हातारे होत चालले आहेत, आणि जे गेले त्यांच्या जागीं तितके नवे येत नाहींत. नो नटांच्या संघाचे सभासद आज हजार-अकराशेंच्या घरांत आहेत. त्यांच्या पाठीशीं जी शिष्यांची सेना एकेकाळीं होती ती पांगते आहे.

२००८ सालीं हे तिन्ही नाट्यप्रकार युनेस्कोच्या मानवतेच्या ठेव्याच्या यादींत समाविष्ट झाले. मानाच्या बाबतींत आतां कसलीही उणीव उरलेली नाहीं. चौदाव्या शतकांतला तो दरबारी सरदार आज असता तर त्याला बोटें मोडण्यापलीकडे कांहीं करतां आलें नसतें. परंतु इतिहासानें एकच गोष्ट निःसंशय सिद्ध केली आहे, ती ही कीं १८६८ सालीं नो नाट्याचा मान शाबूत असतांही त्याच्या पुढील पानांत अन्न नव्हतें. तें आलें तें सामान्य गृहस्थाच्या बटव्यांतून, आणि तेंही कौतुक म्हणून नव्हे; त्याला तें गाणें स्वतः गावयाचें होतें म्हणून. सरकार अनुदान देईल, कंपनी वेतन देईल, परदेशी प्रवासी तिकीट काढील. हीं सर्व दानें आमच्या मतें उपयुक्त आहेत, आणि त्यांवांचून बुन्राकुसारखी खर्चिक कला तगणार नाहीं हेंही आम्ही जाणतों. तथापि यांतील प्रत्येक हात केव्हां ना केव्हां आखडलेला आम्हीं वर पाहिला. ज्या शिष्यानें चाळीस वर्षें दर आठवड्यास गुरूच्या घरीं जाऊन एखाद्या नाटकाचे चार चरण घोकले, त्यानें मात्र शोगुन गेले, सम्राट बदलले, महायुद्ध झालें, तरी दक्षिणेचा लखोटा ठेवणें सोडलें नाहीं. हा शिष्य आतां कमी होत आहे. त्याची जागा भरून काढणारा कोण, या प्रश्नाचें उत्तर टोकियो, क्योटो आणि ओसाका येथील नटांच्या मुलांस येत्या तीस वर्षांत शोधावें लागेल. आणि तें नाट्यगृहांपेक्षां शिकवणीच्या लहानशा खोल्यांत मिळण्याचा संभव आम्हांस अधिक वाटतो.